फिरणे वेगळे

गेल्या डिसेंबरातली गोष्ट आहे. पहाटे साडेपाचच्या सुमारास मी माझ्या कारवान कुत्रीला, तेजीला, घेऊन सोसायटीच्या फाटकाशी आलो, तेव्हा महिनाभरापूर्वीच कामाला लागलेले वॉचमनकाका खुर्चीवरून उठून उभे राहिले. अंगावर घोंगडी होती, कानांना मफलर गुंडाळलेला होता. ते जत तालुक्यातले आहेत, एवढेच मला ठाऊक होते. "हात लावू का?" असे त्यांनी आधी मला विचारले. मग तिच्या डोक्याकडे हात न नेता मूठ मिटून खाली, तिच्या छातीच्या उंचीवर धरली आणि ते तसेच थांबले. तेजी परक्या माणसाच्या जवळ सहसा जात नाही. त्या दिवशी तिने मान लांब करून मुठीचा वास घेतला आणि अंग चोरले नाही. काकांनी तिच्या पाठीवरून हात मागे नेला, कमरेवर दोन्ही खुब्यांची हाडे जिथे वर येतात त्यांच्या मधल्या खळग्यात तीन बोटे आडवी ठेवली आणि पेरणीपूर्वी मातीतली ओल चाचपावी तशी दाबून पाहिली. "जड झालीया," ते म्हणाले. "पळती का न्हाई?" सकाळ-संध्याकाळ मिळून चांगला दीड तास फिरवतो, असे मी सांगितले. ते सांगताना मला थोडा अभिमानही वाटत होता. "फिरणं येगळं," एवढेच बोलून ते दुधाच्या गाडीसाठी फाटक उघडायला गेले.

तीन वर्षे मी याच्या नेमके उलट ऐकत आलो होतो. कारवान ही सडपातळ, वेगाने पळणारी देशी शिकारी कुत्र्याची जात, आणि ती पाळणाऱ्या प्रत्येकाला ते ऐकावे लागते. बागेत, जिन्यात, औषधाच्या दुकानासमोर, जिथे म्हणून आम्ही दोघे थांबतो तिथे कोणीतरी तिच्या फासळ्यांकडे बघते आणि मग माझ्याकडे बघते. "हिला खायला घालत नाही का हो?" हा प्रश्न मी किती वेळा ऐकला असेल याची गणती नाही. शेजारच्या इमारतीतल्या एक आजी पर्समध्ये ग्लुकोजची बिस्किटे घेऊनच बागेत येतात. तेजी ती खात नाही, हुंगते आणि तोंड फिरवते. मग आजी मला म्हणतात की, बिचारीची भूकच मेली आहे. त्यांच्या मनात माया आहे, हे मला दिसते. पण रोज कोणी आपल्याला असे हळहळून सांगू लागले की, हळूहळू आपण आपल्याच जनावराकडे दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघायला लागतो. मीही तसेच केले. भाकरीवर तुपाची धार वाढली, रात्री दूधभात सुरू झाला, पोळीचा शेवटचा घास तिच्यासाठी राहू लागला. २३ किलोंची तेजी दीड वर्षात २७ किलोंवर गेली. तिच्या मागच्या फासळ्या दिसेनाशा झाल्या, बागेतले प्रश्नही कमी झाले.

त्याचे मला समाधान वाटले होते.

माझ्या मामाचे गाव मंगळवेढ्याच्या काळ्या रानात आहे. हिवाळ्यात तिथे नजर जाईल तिथवर मालदांडी ज्वारी उभी असते, सावलीला झाड म्हणून शोधावे लागते आणि अंतर या गोष्टीचा अर्थ शहरातल्या माणसाला तिथे गेल्यावरच कळतो. मामाच्या शेजारी एक आबा राहत. त्यांच्याकडे दोन कारवान होते, एक काळपट पट्टेरी नर आणि एक बदामी मादी. त्या दोघांचे सगळे आबा स्वतः करीत. ज्वारीच्या जाडसर कण्या शिजवून, निववून, त्यांत दूध घालून ते पितळी परातीत पुढे ठेवत. थंडीत त्यांत एक अंडे फोडलेले असे. आबा घरी नसले तर ती दोघे उपाशी राहत, पण दुसऱ्याच्या हातचे खात नसत. आणि आबांनीही दुसऱ्या कोणाला खाऊ घालू दिले नाही. संध्याकाळी ओसरीवर बसून ते कुत्र्यांच्या पायांना करडईचे तेल चोळत. मांडीपासून सुरुवात करून खाली घोट्यापर्यंत येत, मग प्रत्येक बोटाच्या बेचक्यात अंगठा घालून काटा, कुसळ, गोचीड बघत. त्या तेलाचा, कुत्र्यांच्या उन्हाळलेल्या अंगाचा आणि आबांच्या तंबाखूचा मिळून एक वास होता. पुढे पुष्कळ वर्षांनी किराणा दुकानात करडईच्या तेलाचा डबा उघडला गेला, तेव्हा तो वास आल्यासारखा झाला आणि मी उगीचच तिथे घुटमळत राहिलो.

आबा त्यांना रोज पळवीत. दिवस उगवायच्या आधी गाडीवाटेने ते सायकलवर पुढे निघत आणि दोन्ही कुत्री चाकोरीच्या मधल्या गवतावरून मागे येत. मग एका ठिकाणी आबा थांबत, जीभ टाळूला लावून एक आवाज काढत, आणि ती दोघे सुटत. माझ्या आठवणीत त्यांचे पळणे नाही, त्यांनी मागे टाकलेली जागा आहे. आत्ता इथे होती, एवढेच कळे.

शिकारीलाही मी एकदा गेलो होतो. तेव्हा मी दहा वर्षांचा असेन. तुरीच्या रानाच्या बांधावरून ससा उठला, आणि आबांनी काही सांगायच्या आत दोन्ही कुत्री निघाली होती. ससा सरळ पळत नाही, तो ऐन वेळी काटकोनात वळतो. नर भरवेगात पुढे निघून जाई, मादी त्या वळणाचा अंदाज घेऊन आधीच आत कापत येई. ते बघताना माझ्या अंगावर काटा आला. इतके देखणे काही मी त्याआधी पाहिले नव्हते. मग धूळ उडाली आणि ससा ओरडला. ससा ओरडतो हे मला माहीत नव्हते. तान्ह्या मुलासारखा तो आवाज होता आणि तो फार वेळ टिकला नाही. त्या रात्री मामीने वाढलेल्या भाकरीबरोबरचे कोरड्यास मी खाल्ले नाही, मीठ-तेल मागून घेतले. शिकार तेव्हाही गुन्हाच होता. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा त्या रानापर्यंत पोहोचला नव्हता, इतकेच. आज कोणी माझ्यासमोर तसे केले तर मी ते थांबवीन, याविषयी माझ्या मनात शंका नाही. मात्र त्या सकाळी अंगावर आलेला काटा खरा होता आणि तो ओरडा ऐकून पोटात पडलेला खड्डाही खरा होता. या दोहोंपैकी एक खोटे ठरवणे मला इतक्या वर्षांत जमलेले नाही.

या कुत्र्याचा जन्मच त्या धावेसाठी झाला आहे. व्यापाऱ्यांच्या आणि सैन्यांच्या तांड्यांबरोबर वायव्येकडून दख्खनेत आला म्हणून तो कारवान, असे सांगतात. अरबस्तानातल्या सालुकी कुत्र्याशी त्याचे साम्य बघितले की ते पटते. कानांवर आणि शेपटीवर लांब रेशमी केस असलेल्या कारवानाला आपल्याकडे पश्मी म्हणतात. लोकरीला फारसीत पश्म म्हणतात, तोच हा शब्द. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या जातीला आश्रय दिला, तिची जोडी इंग्लंडच्या पंचम जॉर्ज राजाला भेट दिली आणि तेव्हापासून मुधोळ हे नाव रूढ झाले. आजही एका केनेल क्लबच्या वहीत हाच कुत्रा कारवान म्हणून नोंदला जातो आणि दुसऱ्याच्या वहीत मुधोळ म्हणून. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होता. मुधोळजवळ तिम्मापूरला या जातीचे संशोधन केंद्र आहे, आणि सैन्याने मेरठला ही कुत्री नेऊन शिकवून पाहिली आहेत. हा मान त्यांना मिळाला याचा मला आनंद होतो. त्याच वेळी शर्यतीत आणखी थोडा वेग मिळावा म्हणून परदेशी ग्रेहाऊंडचे रक्त सर्रास मिसळले जाते, याचे वाईट वाटते. कारण आबांचा नर दिवसभर उन्हात, मूठभर कण्यांवर, ढेकळांतून आणि काट्यांतून पळू शकत होता, आणि तो चिवटपणा शेकडो वर्षांच्या अवर्षणाने घडवलेला होता.

तेजीच्या शेजारी रात्री बसलो की मी कधी कधी तिच्या देहाचा हिशेब मांडतो. डोके लांब आणि निमुळते, डोळे बाजूंना बसवलेले, त्यामुळे मान न वळवता तिला बरेचसे मागचेही दिसते. ती वासाने माग काढणारी नव्हे, नजरेने शिकार धरणारी. पार टेकडीच्या उतारावर हललेले काहीतरी तिला दिसते आणि मला तिचे कान उभारलेले दिसतात. छाती खोल, तिच्यात मावेल तेवढे मोठे हृदय आणि फुप्फुसे. पोट आत खेचलेले. पाठीचा कणा मात्र मऊ, कमानीसारखा वाकणारा. घोडा चौखूर धावताना त्याचे चारही पाय एका झेपेत एकदा जमिनीवरून उचललेले असतात. ही कुत्री एका झेपेत दोनदा हवेत असते, एकदा चारही पाय पोटाखाली गोळा झालेले असताना आणि एकदा पुढे-मागे ताणलेले असताना. अशा शरीरावर चरबी ठेवायला जागा नसते. त्या दिसणाऱ्या फासळ्या म्हणजे उपासमार नव्हे, ते तिचे आरोग्य आहे, हे मला माहीत होते आणि मी ते बिस्किटवाल्या आजींना नीट सांगितले नाही.

तेजी दोन महिन्यांची असताना मी तिला आबांच्या नातवाकडून आणली. तेजी म्हणजे जातिवंत घोडा. तेजीस इशारत, टट्टूस टोणपा, ही म्हण माझे वडील नेहमी म्हणत. पिलू घरी आले, त्यांनी नुसते तोंडाने चुक् केले आणि ते धावत आले, तेव्हा त्यांनीच हे नाव ठेवले. नाव खरे ठरले. कारवानावर आवाज चढवला की काम होत नाही, ते मनातून मिटते. तेजी वर्षाची असताना तिने माझी चप्पल फाडली म्हणून मी एकदाच तिच्यावर ओरडलो होतो. त्यानंतर दोन दिवस ती मी असलेल्या खोलीत आली नाही. जेवली, बाहेर आली, सगळे केले, फक्त माझ्याकडे पाहिले नाही. ती दारावर भुंकत नाही, पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारत नाही, शेपटी हलवून प्रेम जाहीर करत नाही. मी पुस्तक वाचत बसलो की येऊन हनुवटी माझ्या पायाच्या पंजावर ठेवते. तिचे सगळे बोलणे त्या वजनात असते. चपळ जातीचे कुत्रे घरात दिवसभर धुडगूस घालेल, अशी लोकांची समजूत असते. कारवान घरात मांजरासारखे राहते आणि दिवसातले कितीतरी तास झोपते. त्यामुळेच ते काही मागत नाही, असा माझा गैरसमज झाला.

तिची निगा राखताना मी पुष्कळ गोष्टी चुकत शिकलो. या कुत्र्याचे डोके मानेहून अरुंद असते, त्यामुळे साधा पट्टा मागे ओढला की कानांवरून सरकून निघतो. तेजी दहा महिन्यांची असताना एका मोटारसायकलीचा सायलेन्सर फाटल्यासारखा वाजला, तिने एक पाऊल मागे घेतले, आणि माझ्या हातात रिकामा पट्टा राहिला. रस्त्यावर संध्याकाळची रहदारी होती. मी हाका मारत धावलो, आणि धावताना मला स्पष्ट कळत होते की, माझे धावणे निरर्थक आहे. पाऊण तासाने ती आपणहून फाटकाशी आली. मांडीवरची कातडी तारेने वीतभर उसवलेली होती, कारण ही कातडी कागदासारखी पातळ असते आणि तिच्याखाली गादी नसते. डॉक्टरांनी नऊ टाके घातले. तेव्हापासून तिच्या गळ्यात चार बोटे रुंद, ओढला की आवळणारा पट्टा असतो. नसबंदीच्या वेळी त्याच डॉक्टरांनी मला समजावले की, अंगात चरबी नसल्यामुळे अशी कुत्री काही जुन्या भुलीच्या औषधांतून फार उशिरा बाहेर येतात, म्हणून औषध निवडून द्यावे लागते. छाती खोल असल्याने भरल्या पोटी पळवले तर पोट फुगून पीळ पडू शकतो आणि तो जीवावर बेततो, म्हणून जेवण दोन वेळा थोडे थोडे आणि पळण्यापासून दूर. थंडीत तिला गोधडी लागते, एरवीही फरशीवर झोपू द्यायचे नाही, कोपरांना घट्टे पडतात. हे सगळे मी मनापासून करत होतो. तिची गोधडी आईने तिच्या जुन्या इरकली लुगड्याची शिवली आहे.

एवढे सगळे करूनही जे राहून गेले होते, ते काकांच्या तीन बोटांना अर्ध्या मिनिटात कळले.

पळवायचे तर कुठे, हा प्रश्न मात्र सोपा नाही. पुण्याच्या आसपास माळ पुष्कळ आहेत, आणि काही जण कुत्री तिथे मोकळी सोडतात. मी ते करणार नाही. माळ म्हणजे मोकळी, कोणाचीच नसलेली जमीन, असे आपल्याला वाटते; पण सासवड-बारामतीकडच्या त्याच गवतात लांडगे पिले वाढवतात, खोकड राहते, मयूरेश्वरच्या बाजूला चिंकारा चरतात, आणि टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. कुत्र्यांमुळे डिस्टेंपरसारखे रोग लांडग्या-खोकडांपर्यंत पोहोचतात. हरणाच्या मागे कारवान लागले आणि ते हाती आले नाही, तरी त्या धावेने पाडसापासून आई तुटते. सोलापूरजवळचा नान्नजचा माळ मी लहानपणी मामाबरोबर पाहिला होता आणि मामाने दूरवर उभा असलेला माळढोक बोटाने दाखवला होता. आता तिथे तो दिसणे दुरापास्त झाले आहे. एका देखण्या प्राण्याची हौस पुरवण्यासाठी दुसऱ्यांच्या उरल्यासुरल्या घरात शिरायचे, हे मला पटत नाही. महिनाभर मी शाळांची मैदाने, बंद पडलेले कारखाने, नदीकाठचे रिकामे भूखंड बघत हिंडलो. कुठे काचा होत्या, कुठे भटकी कुत्री, कुठे कुंपण नव्हते. अखेर सासवडजवळ एका मित्राचा साडेतीन एकरांचा लांबट पट्टा मिळाला. डाळिंबाची बाग तेलकट डागाने गेल्यावर त्याने तो पडीक ठेवला होता. चारी बाजूंनी बागेच्या वेळची जाळी शाबूत होती.

काकांना त्यांच्या सुटीच्या दिवशी याल का, म्हणून विचारले. त्यांनी कधी निघायचे तेवढे विचारले.

जानेवारीतला तो रविवार होता. आम्ही पोहोचलो तेव्हा नीट उजाडलेही नव्हते. मी तेजीचा पट्टा सोडायला वाकलो, तर काकांनी हाताने थांबवले. "आदी रान बघायचं," ते म्हणाले. मग आम्ही तिघांनी ते रान एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून काढले, जाताना एका बाजूने आणि येताना दुसऱ्या. काकांनी दगड वेचून कडेला टाकले, ठिबकच्या नळीचे तुकडे गोळा केले, घुशीची तीन बिळे टाचेने माती ढकलून बुजवली. या वेगात पाऊल बिळात गेले तर हाड राहत नाही, हे त्यांनी सांगितले नाही. ते वाकून ज्या रीतीने माती ठोकून बसवत होते त्यावरून ते कळले. तुमच्याकडे होते का, असे मी विचारले. "तीन," ते म्हणाले. "शेवटचा गेला तवापास्नं न्हाई." त्यापुढे मी विचारले नाही.

चालणे झाले तसे तेजीचे अंग तापले. काकांनी खांद्यावरचा पंचा तिच्या छातीखालून घेऊन दोन्ही टोके एका हातात धरली आणि मला पलीकडच्या टोकाला जायला सांगितले. मी म्हणालो की, समोर काहीच नसताना ती पळेल का? सशामागे पळणारी जात आहे ही. काकांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिले. "तुमी हायसा की म्होरं," ते म्हणाले.

मी दोनेकशे पावले चालत गेलो आणि वळलो. इतक्या अंतरावरून ती दोघे मिळून एकच आकार दिसत होती. मी जीभ टाळूला लावून आबांचा आवाज काढायचा प्रयत्न केला, तो चांगला जमला नाही, पण काकांच्या हातातून पंचा सुटलेला मला दिसला. त्यानंतरचे मला क्रमाने सांगता येणार नाही. आधी ती लहान होती आणि नुसती वर-खाली होत होती. मग पावलांचा आवाज आला. तो टापांसारखा नव्हता, मऊ आणि भरभर, कोणी ओले कापड झटकावे तसा. मग श्वास ऐकू आला, प्रत्येक झेपेला एक, लोहाराच्या भात्यासारखा. कान मागे चिकटलेले, तोंड किंचित उघडे, आणि नजर माझ्यावर. तीन वर्षे जी माझ्या पायावर हनुवटी ठेवत होती तिचा हा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. ती मला घासून पुढे गेली, वाऱ्याने माझ्या सदऱ्याची बाही फडफडली, आणि मागे मोठे वर्तुळ घेऊन ती पुन्हा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. सगळे मिळून दहा-पंधरा सेकंद झाले असतील. माझे डोळे भरून आले होते आणि मी ते पुसले नाहीत.

तीन वेळा पळवल्यावर काका बस म्हणाले. तिची आणखी पळायची तयारी होती. श्वास शांत होईपर्यंत त्यांनी तिला हळूहळू चालवले, मग ओंजळीओंजळीने पाणी दिले, एकदम भांडे पुढे ठेवू दिले नाही. मी घरून करडईच्या तेलाची बाटली नेली होती. ती बघून ते काही बोलले नाहीत, पण बाटली माझ्या हातून घेऊन बांधावर बसले आणि मांडीपासून खाली चोळू लागले. तेजीने डोळे मिटले. शेवटी त्यांनी खुब्यांच्या मध्ये पुन्हा तीन बोटे ठेवली. "संक्रांत हुंद्या, आनी बघू," ते म्हणाले.

ऊन वर आले होते. काकांनी पिशवीतून फडक्यात बांधलेली ज्वारीची भाकरी काढली. ती पहाटे त्यांनी खोलीवर स्वतः थापली असावी, कडा करपलेल्या होत्या. त्यातला चतकोर मोडला तेव्हा तेजी उठून त्यांच्यासमोर बसली. त्यांनी तो तिला दिला नाही. हात लांब करून माझ्या तळहातावर ठेवला. "तुमच्या हातानं द्या," ते म्हणाले आणि दुसरीकडे तोंड करून बसले.